टेन्ट कॅम्पवरची रात्रीची राखण : दंगा करणाऱ्या पाहुण्यांना कसे आवरावे?

प्रवराकाठ

भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या काठी, एका शेतकऱ्याच्या खाजगी जमिनीवर उभारलेल्या टेन्ट कॅम्पवर मी गेली सात वर्षे रात्रीची राखण करतो. आमचा हंगाम सलग नसतो. मेअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत काजव्यांची गर्दी, मग पावसाळ्यातले शनिवार-रविवार आणि शेवटी नाताळ ते नववर्ष, एवढे दिवस मी रात्री आठ ते सकाळी सहा कामावर असतो आणि बाकीचे वर्ष घरची भातशेती पाहतो.

हा धागा काढण्याचे कारण असे की, मागच्या हंगामात आमच्या शेजारच्या वाडीतला एकोणीस वर्षांचा एक मुलगा दुसऱ्या एका कॅम्पवर राखणीला लागला आणि तिसऱ्याच रात्री त्याचा हात मोडला. रात्री एक वाजता तो नऊ जणांच्या टोळक्यात एकटा शिरला आणि त्याने चालू असलेला स्पीकर उचलला. कामावर घेताना त्याला "आवाज झाला तर बंद करायला सांग" एवढे एकच वाक्य सांगितलेले होते. कोणाशी बोलायचे, कोठे उभे राहायचे, ऐकले नाही तर पुढे काय करायचे, हे त्याला कोणीही शिकवले नव्हते. मलाही कोणी शिकवले नव्हते. त्यामुळे मला जे कळले आहे ते येथे लिहितो आणि जे माझे चुकत असेल ते जाणकारांनी दुरुस्त करावे, अशी विनंती करतो.

पहिल्याच हंगामात मी जी चूक केली ती आधी सांगतो. दोन गाड्यांतून आलेले अकरा तरुण साडेअकरा वाजले तरी गाणी लावून नाचत होते आणि पलीकडच्या तंबूतले आजोबा दोनदा माझ्याकडे तक्रार घेऊन आले होते. मी हातात काठी घेऊन गेलो, सगळ्यांच्या तोंडावर बॅटरीचा झोत मारला आणि लांबूनच ओरडलो. त्यातला एक जण "ए मामा, पैसे दिलेत आम्ही" असे म्हणत अंगावर आला, मी त्याला ढकलले, तो तंबूच्या दोरीत पाय अडकून पडला आणि पुढचा अर्धा तास शिवीगाळ, झटापट आणि फाटलेले दोन तंबू असा गेला. सकाळी मालकाने मला त्यांची माफी मागायला लावली. तेव्हा मला फार राग आला होता. पण काठी, झोत आणि ओरडणे या तीन गोष्टींनी मी त्यांना भांडायला निमित्त दिले, हे मला नंतर उमगले. मित्रांच्या घोळक्यात ज्याच्यावर सगळ्यांसमोर आवाज चढवला जातो, त्याला मागे हटणे लाजिरवाणे वाटते, आणि दारू प्यायलेला असेल तर तो मुळीच हटत नाही.

आता माझी पद्धत बदलली आहे, आणि तिचा मोठा भाग अंधार पडण्यापूर्वीचा आहे. मध्यरात्री जो गोंधळ होतो त्याची बीजे संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात दिसतात. म्हणून कामाची वेळ आठची असली तरी मी साडेपाचला जातो. फाटकावर नोंदवहीत नाव, गाडीचा क्रमांक आणि माणसांची संख्या लिहिताना ज्याच्या नावावर बुकिंग आहे त्याचा चेहरा आणि नाव मी लक्षात ठेवतो. त्याच्याबरोबर एक पिशवी उचलून तंबूपर्यंत चालत जातो आणि वाटेतच सांगतो की दहाला स्पीकर बंद होईल, शेकोटी आम्ही पेटवू आणि आम्हीच विझवू, आणि अंधार पडल्यावर पाण्याकडे कोणी जाणार नाही. हे त्याच्याकडून सगळ्यांसमोर कबूल करून घेतो. फळ्यावर लिहिलेले नियम कोणी वाचत नाही; स्वतः तोंडाने दिलेला होकार मात्र माणसाला सहसा नाकारता येत नाही.

तंबू कोणाला कोठला द्यायचा, हेही राखणदाराला विचारून ठरवावे. लहान मुले असलेली कुटुंबे आणि फक्त बायकांचे गट स्वयंपाकघराच्या दिव्याजवळ ठेवावेत, मुलांचे मोठे गट एका टोकाला, पण ते टोक पाण्याच्या बाजूचे नसावे. जेवण साडेआठला वाढावे. आमच्याकडे पूर्वी साडेदहापर्यंत बार्बेक्यूच चालत असे आणि तोवर माणसे रिकाम्या पोटी पीत असत. जेवण दोन तास अलीकडे आणल्यावर भांडणे किती कमी झाली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

काजव्यांच्या दिवसांत आणखी एक अडचण असते. आमच्या भोवतीचा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर पहिल्या मोठ्या पावसाआधी काजवे जमतात आणि नर लुकलुकतो तो मादीला साद घालण्यासाठी. गाडीचा हेडलाइट किंवा मोबाइलचा झोत झाडावर पडला की ती साद तुटते. हा कीटक प्रौढ झाल्यावर थोडेच दिवस जगतो, म्हणजे त्याच्या आयुष्यातली ती रात्र गेलेली असते. मी स्वतःच्या बॅटरीला लाल जिलेटीन पेपर गुंडाळतो आणि जास्तीचे तुकडे खिशात ठेवतो. झाडावर झोत मारणाऱ्याला रागावण्याऐवजी मी तो कागद त्याच्या मोबाइलवर लावून देतो आणि नर-मादीची ही गोष्ट सांगतो. बहुतेक लोक लगेच ऐकतात, आणि त्यांची मुले तर नंतर इतरांनाही सांगत फिरतात.

एवढे करूनही दहानंतर आवाज चालू राहिला तर मी असा जातो. जोडीदार वीस-पंचवीस पावलांवर, त्यांना दिसेल असा, शांत उभा राहतो. बॅटरी जमिनीकडे. ज्याच्या नावावर बुकिंग आहे त्याला नावाने हाक मारून बाजूला घेतो आणि त्याच्या समोर छाती ताणून न थांबता जरा तिरका उभा राहतो. "पलीकडच्या तंबूत दोन वर्षांचे बाळ आहे, ते दोनदा दचकून उठले," असे खरे कारण सांगतो आणि "हे गाणे संपू द्या, मग बंद करा" एवढी सवड देतो. मग तेथून निघून जातो. निघून जाणे फार महत्त्वाचे आहे. राखणदार डोक्यावर उभा राहिला तर बंद करणे म्हणजे हरणे वाटते. तो गेला की स्वतःहून बंद केल्यासारखे वाटते. दहा मिनिटांनी दुसरी फेरी. तेव्हाही आवाज असेल तर मालकाला उठवून बरोबर नेतो, आणि तिसऱ्या वेळी ११२ ला फोन. प्रत्येक फेरीची वेळ वहीत लिहितो. कोणाच्या वस्तूला मी हात लावत नाही.

एकाच बाबतीत मी सवड देत नाही, आणि ती म्हणजे पाणी. उन्हाळ्याच्या शेवटी जलाशय खाली गेलेला असतो आणि उघड्या पडलेल्या काठावर वरून सुकलेला, आतून ओला गाळ असतो. चार वर्षांपूर्वी रात्री पावणेदोनला एका तरुणाने पैज लावून कपडे काढले आणि तो पाण्याकडे धावला. गुडघ्यापर्यंत रुतल्यावर तो पुढे पालथा पडला. आम्ही दोघांनी तंबूची दोरी आणि खाटेची फळी टाकून त्याला ओढून काढले. त्याची नशा तेथेच उतरली, आणि तो पहाटेपर्यंत माझ्या शेजारी घोंगडीत थरथरत बसून होता. तेव्हापासून काठाच्या बाजूला आम्ही दोरी बांधतो आणि एक माणूस रात्रभर फक्त तेथेच बसवतो.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. राखणदाराला कायद्याने नेमके काय करता येते? मालक मंडळींना दंगेखोर गटाला रात्रीच बाहेर काढणे शक्य वाटते का? आणि मुक्कामाला येणाऱ्या बायकांना राखणदाराकडून काय हवे असते?

निवृत्त_हवालदार

प्रवराकाठ, आपण काठी खाली ठेवली हे योग्य केले. मी पोलीस दलात बत्तीस वर्षे नोकरी केली आणि त्यातली बरीच ग्रामीण ठाण्यांत झाली. खाजगी राखणदाराला पोलिसांचे कोणतेही अधिकार नसतात, ही गोष्ट राखणदार आणि मालक दोघेही विसरतात. त्याला कोणाची झडती घेता येत नाही, मोबाइल किंवा गाडीची किल्ली हिसकावून घेता येत नाही, शिक्षा म्हणून कोणाला खोलीत डांबता येत नाही. असे केल्यास गुन्हा त्याच्यावरच नोंदवला जाईल.

मात्र तो अगदी हतबलही नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे (१ जुलै २०२४ पूर्वी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४३ होते) आपल्या डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला कोणताही नागरिक पकडू शकतो, आणि विनाकारण वेळ न दवडता, जास्तीत जास्त सहा तासांत, त्याला पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. स्त्रीचा विनयभंग, म्हणजे भारतीय न्याय संहितेचे कलम ७४, हा असा गुन्हा आहे. मोठ्याने गाणी लावणे हा तसा गुन्हा नाही, म्हणून त्यासाठी कोणाला धरून ठेवू नये. अंगावर हल्ला झाला तर स्वतःचा आणि दुसऱ्याचा बचाव करण्याचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. परंतु तो बचावाला लागेल तेवढ्याच बळापुरता असतो. पळून जाणाऱ्याच्या पाठीत मारलेली काठी बचाव ठरत नाही.

आवाजाबद्दल सांगायचे तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. आमची खाजगी जागा आहे, असे कॅम्पमालक सांगतात. पण खाजगी जागेच्या हद्दीवर किती आवाज पोहोचावा यालाही त्याच नियमांत मर्यादा आहे.

एक गोष्ट मालकांसाठी सांगतो, कारण दंग्याचे मूळ तेथे असते. परवाना नसताना लोकांना आपल्या जागेत दारू पिऊ देणे हा महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. ढाब्यांवर छापे पडतात तेव्हा मालकावर कलम ६८ आणि पिणाऱ्यांवर कलम ८४ लावले जाते. टेन्ट कॅम्प त्याला अपवाद नाही. म्हणूनच पुष्कळ मालक रात्री पोलिसांना बोलावू देत नाहीत, आणि त्या भीतीची किंमत पाचशे रुपये रोजावरचा मुलगा हात मोडून घेऊन चुकवतो. हे मला अजिबात मान्य नाही.

मावळातला_शेतकरी

मी पवना जलाशयाच्या काठी, तिकोना किल्ल्याच्या बाजूला, स्वतःच्या जमिनीत सहा वर्षे तंबू लावतो. वरचे सगळे वाचले आणि पटलेही, तरी मालकाची बाजू येथे यायला हवी. शनिवारच्या रात्री माझ्याकडे चाळीस माणसे असतात. त्यातल्या बारा जणांच्या गटाला मी रात्री एकला बाहेर काढले, तर ते प्यायलेल्या अवस्थेत गाडी चालवत घाटात जातील. उद्या अपघात झाला तर माझ्या मनावरचे ओझे कोणी उतरवणार नाही. शिवाय पैसे परत मागतील आणि इंटरनेटवर एका रात्रीत दहा वाईट अभिप्राय लिहितील. आमची सगळी गिऱ्हाइके ते अभिप्राय वाचूनच येतात. त्यामुळे मी गप्प बसत होतो, हे कबूल करतो.

दोन वर्षांपूर्वीच्या ३१ डिसेंबरला दोन गटांत बाटल्या फेकल्या गेल्या आणि माझ्या स्वयंपाकीणबाईंच्या कपाळाला काच लागून सहा टाके पडले. तेव्हापासून मी बुकिंगच्या वेळी माणशी पाचशे रुपये अनामत घेतो आणि सकाळी परत करतो. दहानंतर स्पीकर वाजला, काच फुटली किंवा राखणदाराला शिवी दिली तर पूर्ण गटाची अनामत जाते, हे लेखी असते. याचा उपयोग असा होतो की गटातलेच दोघे-तिघे बाकीच्यांना आवरतात. त्या दिवसापासून काचेच्या बाटल्यांना फाटकातच बंदी केली. हवालदार साहेबांनी दारूबद्दल जे लिहिले त्याला माझ्याकडे उत्तर नाही. मी परवान्याची चौकशी सुरू करत आहे.

थंडीच्या दिवसांतल्या राखणदारांसाठी एक सूचना करतो. पहाटे गारठा वाढला की पाहुणे बार्बेक्यूची शेगडी तंबूत ओढून घेतात आणि चेन लावून झोपतात. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच माणूस जातो. आमचा राखणदार अकराला सगळ्या शेगड्या मोजून गोळा करतो आणि त्यावर पाणी ओततो. पाहुण्यांनी कितीही वाद घातला तरी यात सवलत नाही.

डोंगरवेडी

तिसरा प्रश्न आमच्यासाठी विचारला म्हणून आभार. मी मैत्रिणींबरोबर बारा-पंधरा वेळा तरी तंबूत राहिले आहे.

कोकणातल्या एका किनाऱ्यावर आम्ही तिघी होतो आणि राखणदाराने येताच "बरोबर जेन्ट्स कोणी नाही का?" असे विचारले. मग तो रात्रभर दर अर्ध्या तासाने आमच्या तंबूवर बॅटरी मारून जात होता. त्याचा हेतू वाईट नसेलही, पण आतून आम्हाला फक्त कापडावर सरकणारा उजेड आणि पावलांचा आवाज कळत होता, आणि तो पहारा आहे की आणखी काही, हे आम्हाला समजत नव्हते. आम्ही तिघी जाग्याच राहिलो. गस्त घालणाऱ्याने तंबूवर उजेड टाकू नये, तंबूपासून थोडे अंतर राखून चालावे आणि आपली येण्याची वाट ठरलेली ठेवावी. स्वच्छतागृहाच्या वाटेवर मात्र दिवा हवा आणि दाराला आतून चालणारी कडी हवी. एवढ्या साध्या गोष्टीसाठी मी किती ठिकाणी भांडले आहे!

दुसरा अनुभव उलट आहे. एका कॅम्पवर शेजारच्या गटातला एक माणूस दारू पिऊन तीनदा आमच्या शेकोटीजवळ येऊन बसला. आम्ही राखणदार काकांना सांगितले, तेव्हा त्यांनी आम्हाला "तुम्ही काही बोलला होतात का?" असे विचारले नाही. ते म्हणाले, "ताई, तुम्ही बसा," आणि आपली खुर्ची उचलून आमच्या आणि त्या गटाच्या मध्ये आणून ठेवली. रात्रभर ते तेथेच बसले. तो माणूस पुन्हा उठलाच नाही. मला राखणदाराकडून इतकेच हवे असते की तक्रार केल्यावर त्याने आधी विश्वास ठेवावा.

जोडप्यांबद्दलही लिहिते, कारण हे कोणी लिहीत नाही. दोन सज्ञान माणसांनी एकत्र मुक्काम करणे हा गुन्हा नाही. ओळखपत्र पाहून वहीत नोंद करावी. लग्न झाले आहे का, घरी सांगितले आहे का, हे विचारण्याचा अधिकार राखणदाराला नाही. अशा प्रश्नांनी घाबरलेली मुलगी रात्री खरोखर संकटात सापडली तर त्या राखणदाराकडे जाणार नाही.

प्रवराकाठ

डोंगरवेडी ताई, तंबूवर उजेड टाकण्याची चूक मीही बरीच वर्षे केली आहे. आम्हाला वाटे की उजेड दिसला म्हणजे पाहुण्यांना धीर येतो. आत झोपलेल्या माणसाला ते कसे दिसते, याचा विचार मी केला नव्हता. येत्या हंगामापासून फेरीची वाट चुन्याने आखून ठेवीन आणि संध्याकाळीच सगळ्यांना सांगेन की रात्री पावले ऐकू आली तर ती या वाटेवरची असतील.

मावळातल्या दादांनी घाटातल्या अपघाताचा मुद्दा मांडला तो मलाही रात्रंदिवस छळतो. प्यायलेल्या माणसाला गाडीसह बाहेर काढायचे नाही, हे मी मानतो. आम्ही त्यांना गावातल्या एका रिकाम्या पडवीत नेऊन झोपवतो आणि सकाळी गाडीजवळ सोडतो. परंतु अडचण वेगळी आहे. हवालदार साहेब म्हणतात तसे किल्ली हिसकावता येत नाही, आणि रात्री दोनला "आम्ही आत्ताच निघतो" म्हणणारा एक तरी गट प्रत्येक हंगामात भेटतो. फाटकाला कुलूप लावावे का?

इझारकाठ

मी मूळचा नाशिकचा, सध्या म्युनिकजवळ राहतो. गाड्यांच्या प्रश्नावर येथली रीत उपयोगी पडेल असे वाटले म्हणून लिहितो. जर्मनीतल्या बहुतेक कॅम्पिंगच्या जागांवर रात्री दहापासून सकाळपर्यंत शांततेची वेळ असते, आणि त्या वेळात फाटकावरचा आडवा दांडा खाली येतो. दुपारी एक ते तीन या वेळातही पुष्कळ ठिकाणी तसेच असते. दहानंतर पोहोचलेला माणूस गाडी बाहेरच्या जागेत लावतो आणि सामान हातात घेऊन चालत आत येतो. हा नियम पोहोचण्याआधीच सगळ्यांना माहीत असतो, म्हणून रात्री वाद घालायला कोणी उरत नाही.

तुमच्याकडे गाड्या तंबूला खेटून लावतात, असे मी सुट्टीवर आलो तेव्हा पाहिले. दंग्याचे अर्धे साहित्य गाडीतच असते: मोठा स्पीकर, हेडलाइट, डिकीतल्या बाटल्या. गाड्या संध्याकाळीच तीन-चारशे पावलांवरच्या वेगळ्या शेतात लावून घेतल्या, तर हे सगळे तंबूपासून दूर जाईल, काजव्यांवरचा उजेडही टळेल, आणि रात्री निघू पाहणाऱ्याला अंधारात तेवढे अंतर चालावे लागेल. तेवढ्यात त्याचे मित्र त्याला परत आणू शकतात.

निवृत्त_हवालदार

ही सूचना उत्तम आहे. फाटकाला कुलूप लावून माणसांना अडकवू नये. आग लागली किंवा साप चावला तर तेच कुलूप जिवावर बेतेल. किल्ल्यांबाबत मार्ग असा की, संध्याकाळी नोंदणीच्या वेळीच स्वखुशीने किल्ली जमा करण्याची पद्धत ठेवावी, पावती द्यावी आणि तसे बुकिंगच्या अटींत लिहावे. तरीही एखादा प्यायलेला माणूस गाडी काढतोच आहे असे दिसले, तर गाडीचा क्रमांक, रंग आणि निघालेली दिशा सांगून ताबडतोब ११२ ला कळवावे. पोलिसांची गाडी डोंगरातल्या रस्त्याने यायला वेळ लागतो हे खरे आहे, म्हणून फोन लवकर करावा. हाणामारी संपण्याची वाट पाहू नये. जखमी असल्यास १०८ ची रुग्णवाहिका, आणि वणवा किंवा वन्यप्राण्याचा प्रश्न असल्यास वनविभागाचा १९२६ हा क्रमांक. मोबाइलला रेंज कोठे मिळते ती जागा राखणदाराने दिवसाच शोधून ठेवावी.

नवखा_राखणदार

नमस्कार. मी राजूरच्या बाजूचा आहे. येत्या शनिवारपासून मला एका कॅम्पवर रात्रीचे काम मिळाले आहे आणि हा धागा मी दोनदा वाचला. पाहुण्यांचे समजले, पण मला भीती वाटते ती बाहेरून येणाऱ्यांची. रात्री अकरानंतर मोटारसायकलवरून आसपासच्या गावांतली मुले येतात, पाहुण्यांकडे दारू मागतात, मुलींचे फोटो काढतात. त्यातली काही माझ्या ओळखीची आहेत, एक तर माझ्या मामाच्या गावचा आहे. त्यांना अडवले तर दुसऱ्या दिवशी बाजारात तेच भेटणार. अशा वेळी काय करावे?

प्रवराकाठ

मित्रा, तुझी भीती खरी आहे आणि पाहुण्यांपेक्षा हे काम अवघड आहे, कारण पाहुणे रविवारी निघून जातात आणि आपण येथेच राहतो. माझ्या तिसऱ्या हंगामात हाच प्रसंग आला. मी त्या मुलांशी रात्री भांडलो नाही. फाटकावर त्यांच्या गाड्यांचे क्रमांक त्यांच्यासमोर वहीत लिहिले आणि "आत पाहुणे झोपले आहेत, उद्या या, चहा घेऊ" एवढेच म्हणालो. दुसऱ्या दिवशी मालकाला घेऊन पोलीस पाटलांकडे गेलो. त्यांनी मुलांच्या वडिलांना बोलावले आणि गावातल्या गावात विषय मांडला. त्यानंतर मालकाने त्यातल्या दोघांना गर्दीच्या दिवसांत गाड्या लावण्याच्या कामावर घेतले. ते आजही येतात, आणि बाहेरची मोटारसायकल फाटकाकडे वळली की मला आधी तेच कळवतात. मामाच्या गावचा तो मुलगा आला, तर तू पुढे होऊ नकोस. जोडीदाराला बोलू दे. मुलींचे फोटो काढताना कोणी दिसला तर मात्र ओळख पाहू नकोस. मालकाला उठव, त्या मुलींना विचार, आणि त्यांची इच्छा असेल तर तेथूनच ११२ ला फोन कर.

शनिवारी कामावर जाण्याआधी मालकाला दोन गोष्टी स्पष्ट विचार. रात्री जोडीदार कोण आहे, आणि मी पोलिसांना फोन केला तर तुम्ही माझ्या पाठीशी उभे राहाल का? दुसऱ्या प्रश्नावर तो घुटमळला तर ते काम घेऊ नकोस. आमच्याकडे नाताळात एक जागा रिकामी होते, मी तुझ्यासाठी शब्द टाकीन.

घेतलेस तर उजेड असतानाच पोहोच. प्रत्येक तंबूपासून फाटकापर्यंत आणि पाण्यापर्यंत एकदा चालून ये, दोऱ्या आणि खुंट्या कोठे आहेत ते पाहून ठेव, बॅटरीचे जास्तीचे सेल घे, पायात बूट घाल, कारण पहिल्या पावसात तेथे फुरसे निघते. वही आणि पेन शर्टाच्या खिशात ठेव, पिशवीत नको. माझा क्रमांक तुला खाजगी निरोपात पाठवला आहे. शनिवारी मीही कामावर असेन. रात्री केव्हाही फोन कर.